पेपर कोणता, मार्क कसे: सीईटीपासून एमपीएससीपर्यंत मार्कांचा हिशोब सोप्या भाषेत

निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच, "कितला पडनात रे भाऊ?" आणि पोरगं सांगतं ब्याऐंशी. आता हे ब्याऐंशी म्हणजे २०० पैकी ब्याऐंशी मार्क, की ब्याऐंशी टक्के, की ब्याऐंशी पर्सेंटाइल (हे काय असतं ते पुढं सांगतो), हे विचारणारं घरात कुणी नसतं आणि बऱ्याचदा सांगणाऱ्या पोरालाही ते धड माहीत नसतं. तिन्हीचा अर्थ पार वेगळा आहे, आणि पुढं कॉलेज कोणतं मिळणार, वर्ष वाया जाणार की नाही, हे सगळं त्याच्यावर ठरतं.

मी अमळनेर-चोपडा पट्ट्यात अकरावी-बारावीच्या पोरांना शिकवतो, आणि संध्याकाळी अभ्यासिकेत भरतीवाले, एमपीएससीवाले येतात त्यांच्याशीही रोजचं बोलणं असतं. सिलॅबस सगळे विचारतात, कोणतं पुस्तक वापरू, कोणता क्लास लावू, यूट्यूबवर कोणाचं बघू हेही सगळे विचारतात, पण पेपरात चुकलं तर किती कापतात, सोडलं तर काय होतं, हे विचारणारं पोरगं क्वचित भेटतं. आणि माझं ठाम मत आहे की मार्किंग स्कीम हा सिलॅबसचाच एक धडा आहे. अभ्यास तोच, डोकं तेच, पण सीईटीच्या पेपराशी एक वागायचं, नीटच्या (मेडिकलची प्रवेश परीक्षा) पेपराशी दुसरं आणि राज्यसेवेच्या पेपराशी तिसरं. शहरातल्या मोठ्या क्लासमध्ये हे पहिल्या आठवड्यात सांगतात, आपल्या पोरांना ते पेपर देऊन झाल्यावर कळतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सीईटीपासून, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेपासून सुरू करू, कारण इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्री या तिन्हींना आपली पोरं तिथूनच जातात. पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपला दोन पेपर असतात, दोन्ही ९० मिनिटांचे. पहिल्या पेपरात फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. दुसऱ्या पेपरात फक्त मॅथ्स, ५० प्रश्न, पण प्रत्येक प्रश्न २ मार्कांचा. म्हणजे एकूण २०० मार्क आणि त्यातले १०० एकट्या मॅथ्सचे. पीसीबीवाल्यांना, म्हणजे मॅथ्सऐवजी बायो घेतलेल्यांना, दुसरा पेपर बायोचा, १०० प्रश्न, १-१ मार्क.

आता हे जरा जवळून बघा. जो पोरगा म्हणतो "सर माझं मॅथ्स कच्चं आहे, मी फिजिक्स-केमिस्ट्रीवर काढून घेईन", त्यानं अर्धा पेपर आधीच सोडून दिला, कारण मॅथ्सचा एक प्रश्न सुटला की केमिस्ट्रीचे दोन सुटल्यासारखं आहे. आणि वेळेचं पण बघा, पहिल्या पेपरात १०० प्रश्नांना ९० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, तर मॅथ्सला ५० प्रश्नांना तेवढाच वेळ म्हणजे १०८ सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५४ सेकंद हे वाचणं, आठवणं आणि माऊस क्लिक करणं सगळं धरून आहेत, तिथं लांबलचक पद्धतीनं गणित मांडत बसलात तर शेवटचे २०-२५ प्रश्न वाचून सुद्धा होत नाहीत. त्यात परत एक गोष्ट, पहिल्या ९० मिनिटात मॅथ्स उघडतच नाही आणि ते ९० संपले की पहिला पेपर आपोआप बंद होतो, मागं जाता येत नाही. "केमिस्ट्री लवकर उरकलं, उरलेला वेळ मॅथ्सला देतो" हे चालत नाही, उरलेला वेळ फिजिक्सलाच द्यायचा.

आणि सीईटीची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे निगेटिव्ह मार्किंग नाही. चुकलं तर शून्य, सोडलं तर शून्य. मग सोडायचं कशाला? तरी दरवर्षी पोरं प्रश्न सोडून येतात, विचारलं तर म्हणतात "सर येतच नव्हतं तर काय टाकणार". समजा मॅथ्सचे १८ प्रश्न तुम्हाला आलेच नाहीत. चार पर्यायातून डोळे मिटून टाकलं तरी सरासरी चारातला एक बरोबर येतो, म्हणजे १८ मधून चार-पाच, आणि प्रत्येकी २ मार्क म्हणजे ८ ते १० मार्क. एखाद्याला कमी येतील एखाद्याला जास्त, पण मायनस कुणालाच होणार नाही. हे मार्क अभ्यास न करता मिळतात म्हणून मी त्यांना कमी लेखत नाही, कारण मधल्या पट्ट्यात, म्हणजे जिथं आपली बहुतेक पोरं असतात तिथं, ८-१० मार्कांनी पर्सेंटाइल चांगलंच सरकतं आणि जळगावचं सरकारी कॉलेज मिळणं-न मिळणं एवढ्यावर अडू शकतं. शेवटची चार-पाच मिनिटं फक्त यासाठी ठेवायची, एकही प्रश्न लाल दिसता कामा नये.

लाल म्हणजे काय तेही सांगतो, कारण पहिल्यांदा कॉम्प्युटरवर पेपर देणारी पोरं इथं गोंधळतात. जेईईसारख्या (एनआयटी-आयआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची प्रवेश परीक्षा) ऑनलाइन परीक्षेत स्क्रीनच्या उजव्या बाजूला प्रश्नांचे नंबर चौकोनात दिसतात. न उघडलेला पांढरट, उघडला पण उत्तर दिलं नाही तो लाल, उत्तर दिलं तो हिरवा, "मार्क फॉर रिव्ह्यू" केला तो जांभळा, आणि उत्तर देऊन रिव्ह्यूला ठेवला तो जांभळा पण कोपऱ्यात हिरवा ठिपका. ठिपकावाला तपासला जातो, नुसता जांभळा तपासला जात नाही कारण त्यात उत्तरच नाही. आणि पर्यायावर क्लिक केलं पण "सेव्ह ॲन्ड नेक्स्ट" न दाबता उजवीकडच्या नंबरवर क्लिक करून पुढं गेलात तर ते उत्तर सेव्ह होत नाही. ज्या पोरानं आयुष्यात माऊस दहा वेळा धरलाय त्याला हे पेपरात शिकायला लावणं म्हणजे अन्याय आहे, म्हणून घरी लॅपटॉप नसेल तर तालुक्याच्या कॅफेत बसून एनटीएच्या (नीट-जेईई घेणारी केंद्राची संस्था) आणि सीईटी सेलच्या (सीईटी घेणारी राज्याची संस्था) साइटवरची फुकटची मॉक टेस्ट आधी देऊनच जा. दोन तास लागतात, आणि फॉर्मला जेवढे पैसे घातले त्याच्यापुढं कॅफेचा खर्च काहीच नाही.

अजून एक. सीईटीला अकरावीच्या ठरलेल्या धड्यांचं वजन २० टक्के आणि बारावीचं ८०. नीट-जेईईला असं काही नाही, अकरावी पूर्ण, बारावी पूर्ण. आपल्याकडे "अकरावी म्हणजे आराम" असं म्हणतात ना, ते फक्त सीईटीला थोडंफार खपतं. आणि इंजिनिअरिंगला जायचं तर बारावीला पीसीएम मिळून ओपनला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतातच, एनआयटीला तर ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव. बोर्ड टाकून फक्त एन्ट्रन्स करतो म्हणणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं.

आता मायनसवाल्या परीक्षा. नीटला २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायो ९०. त्याआधी २०२१ ते २०२४ मध्ये २०० प्रश्न छापून त्यातले १८० सोडवायचे असा सेक्शन बीचा प्रकार होता, तो गेला. जुनी पुस्तकं आणि जुन्या टेस्ट सिरीज सेकंडहँड घेतल्या असतील तर त्यात तोच पॅटर्न असेल, प्रश्न वापरा पण वेळ लावताना १८० मिनिटं आणि १८० प्रश्न हेच धरा, चॉइस आता नाही.

बरोबरला ४, चुकला तर १ वजा, सोडला तर शून्य. ऐकायला सोपं आहे पण याचा अर्थ नीट बघा. जो प्रश्न तुम्हाला येत होता आणि घाईत चुकला, तिथं ४ मिळणार होते ते गेले आणि वरून १ कापला, म्हणजे फरक ५ मार्कांचा. पोरं तुक्क्याला, म्हणजे अंदाजानं उत्तर टाकायला घाबरतात, पण माझ्या बघण्यात नीटमध्ये खरं नुकसान तुक्क्यानं होत नाही, येणाऱ्या प्रश्नात "खालीलपैकी अयोग्य विधान कोणते" मधलं अयोग्य न वाचल्यानं होतं, युनिट बदलायचं राहिल्यानं होतं. असे आठ प्रश्न म्हणजे ४० मार्क, आणि नीटमध्ये ४० मार्क म्हणजे धुळे-जळगाव-नंदुरबारचं सरकारी मेडिकल कॉलेज की प्रायव्हेटची फी, एवढं अंतर असू शकतं.

ही ४ आणि १ ची स्कीम डोक्यात बसली की काय होतं त्याचं एक खरं उदाहरण. २०२४ चा नीटचा निकाल ४ जूनला लागला आणि त्यात काही पोरांना ७१८ आणि ७१९ मार्क होते. ज्यांना स्कीम माहीत होती त्यांनी लगेच विचारलं, हे कसं शक्य आहे? सगळं बरोबर असेल तर ७२०. एक सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. मधले ७१७, ७१८, ७१९ येऊच शकत नाहीत, कागदावर कितीही मांडून बघा. मग एनटीएनं सांगितलं की काही सेंटरवर वेळ वाया गेला म्हणून १५६३ पोरांना भरपाईचे मार्क दिले होते. पुढं सुप्रीम कोर्टात ते मार्क रद्द झाले आणि त्या पोरांना २३ जूनला पुन्हा परीक्षा द्यायचा पर्याय मिळाला. साधी वजाबाकी येणारं कुणीही पोरगं हे पकडू शकत होतं.

आता तुक्क्याचा हिशोब. चार प्रश्न डोळे मिटून टाकले, सरासरी एक बरोबर म्हणजे ४, तीन चूक म्हणजे वजा ३, हातात उरला १. म्हणजे नीटला आंधळा तुक्कासुद्धा सरासरीनं किंचित फायद्यातच जातो. एक पर्याय खात्रीनं चूक आहे हे कळलं तर उरले तीन, तीन प्रश्नात एक बरोबर दोन चूक, ४ वजा २, हातात २. दोन पर्याय उडवता आले तर दोन प्रश्नात ४ वजा १, हातात ३. त्यामुळे दोनात अडकलात तर टाकाच, तिथं सोडणं म्हणजे मार्क टाकून येणं आहे.

पण "सरासरी" हा शब्द इथं विसरू नका. सरासरी शंभर-दोनशे प्रश्नात दिसते, आठ-दहा प्रश्नात एखाद्याचे सगळेच्या सगळे चुकू शकतात. दुसरं असं की पेपर काढणारे काही भोळे नसतात, ते चुकीचे पर्याय असेच ठेवतात की अर्धवट अभ्यास केलेल्याला तेच बरोबर वाटावेत. आपल्याला "वाटतंय" म्हणून टाकलेलं उत्तर अशा वेळी आंधळ्या तुक्क्यापेक्षाही वाईट जातं. म्हणून मी पोरांना सांगतो, मॉक टेस्टमध्ये जे तुक्के मारता त्यांच्यापुढं खूण करा आणि नंतर मोजा की तुमचे किती बरोबर येतात. चारात एकापेक्षा जास्त येत असतील तर तुमच्या अंदाजात दम आहे, कमी येत असतील तर तुम्ही त्या जाळ्यात फसताय, मग खऱ्या पेपरात कुठं थांबायचं ते तुमचं तुम्हाला कळतं. हे दुसऱ्या कुणाला तुमच्यासाठी ठरवता येत नाही.

नीट अजून ओएमआर शीटवर होते, काळ्या बॉलपेननं गोळा भरायचा, खोडता येत नाही. एका प्रश्नाला दोन गोळे भरले तर ते चूक धरतात आणि १ कापतात. "दोन्हीपैकी एक तरी बरोबर येईल" असं इथं चालत नाही. आणि मे महिन्यात भर दुपारी २ ते ५ चा पेपर, आपल्याकडे पारा ४४ च्या आसपास, घामानं हात ओला असतो, शीटवर डाग पडतात, तेव्हा हाताखाली प्रश्नपत्रिका धरून लिहा, हे बारीक वाटतं पण लक्षात ठेवा. गोळे शेवटी एकदम भरू असं ठेवू नका, दहा-पंधरा प्रश्न झाले की भरत जा.

गंमत म्हणजे २०२५-२६ पर्यंत आठवीला जी स्कॉलरशिप परीक्षा व्हायची, तिथं नेमकं उलटं होतं. तिथं जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही गोळे भरले तरच मार्क मिळायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतली हुशार पोरं एक गोळा भरून मोकळी व्हायची. प्रश्नात "दोन अचूक पर्याय निवडा" असं लिहिलेलं असायचं, ते वाचायची सवय शाळेतूनच लावली पाहिजे.

जेईई मेनला ७५ प्रश्न, तीन तास, ३०० मार्क. प्रत्येक विषयाचे २५, त्यातले २० पर्यायवाले आणि ५ न्यूमेरिकल म्हणजे उत्तराचा आकडा स्वतः टाईप करायचा. मार्किंग तेच, अधिक ४ वजा १, आणि न्यूमेरिकललाही मायनस आहे. इथं तुक्का अजिबात नको, कारण पर्यायच नाहीत, मनातला आकडा जुळण्याची शक्यता जवळपास शून्य आणि मायनस मात्र पक्का. आधी न्यूमेरिकल दहातले पाच निवडता यायचे, २०२५ पासून पाचच येतात आणि चॉइस नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, जानेवारी आणि एप्रिल, दोन्ही दिल्या तर जो स्कोर चांगला तो धरतात, म्हणून जानेवारीचा पेपर सिलॅबस अर्धा राहिला तरी द्यावा असं माझं मत.

जेईई ॲडव्हान्स्डला, म्हणजे आयआयटीच्या परीक्षेला, मेनमधले वरचे अडीच लाख बसू शकतात. तीन-तीन तासांचे दोन पेपर आणि पॅटर्न दरवर्षी बदलतो, त्यामुळे पेपरावरच्या सूचना वाचणं हाच तिथला पहिला प्रश्न समजा. तिथं एक प्रकार असतो ज्यात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि अर्धवट मार्क मिळतात. बऱ्याच वर्षी आलेली पद्धत अशी: समजा ए, बी आणि डी बरोबर आहेत. तिन्ही टाकले तर ४. फक्त ए आणि बी टाकले तर २. फक्त ए टाकला तर १. पण ए, बी सोबत चुकीचा सी पण टाकला तर वजा २, आधीचे बरोबर असले तरी. म्हणजे जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच टाकून थांबलं तर काहीतरी हातात पडतं, एका पर्यायाचा हव्यास केला तर असलेलंही जातं. सीईटीला "काहीही सोडू नका" म्हणून शिकलेलं पोरगं इथं तसंच वागलं तर मार खातं.

सरकारी नोकरीच्या परीक्षांवर थोडक्यात. पोलीस भरतीची लेखी १०० मार्कांची, ९० मिनिटं, निगेटिव्ह नाही, म्हणजे सीईटीसारखंच, एकही प्रश्न मोकळा ठेवायचा नाही. मैदानी ५० मार्कांची आधी होते, पोरांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याचे २०, आणि १०० मीटर व गोळाफेक प्रत्येकी १५. जागेच्या दहापट पोरं लेखीला बोलावतात आणि मेरिट दोन्ही मिळून १५० वर लागतं. पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं चोपड्यापासून शहाद्यापर्यंत रोज दिसतात, मेहनतीत कुठं कमी नाहीत, पण मैदान निघालं की लेखीला "बघू" म्हणतात आणि लेखी मैदानाच्या दुप्पट मार्कांची आहे हे विसरतात.

राज्यसेवा पूर्वला दोन पेपर, दोन्ही २०० मार्कांचे. सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न, २-२ मार्क, चुकीला पाव भाग म्हणजे अर्धा मार्क कापतात. दुसरा पेपर सीसॅट, म्हणजे उतारे आणि बुद्धिमत्तेचा, ८० प्रश्न, अडीच मार्काचा एक, आणि तो आता फक्त पास व्हायचाय, ३३ टक्के म्हणजे ६६ मार्क. त्याचे मार्क मेरिटला धरत नाहीत. आपली पोरं सीसॅटमध्ये ८० च्या ८० सोडवायला धावतात आणि घाईत उतारे चुकवतात. हिशोब करा: ४० प्रश्न शांतपणे सोडवले, त्यात ३० बरोबर म्हणजे ७५, दहा चूक म्हणजे सव्वा सहा वजा, उरले ६८.७५, पास. खऱ्या पेपरात थोडं अंतर हवं म्हणून पन्नास धरा, पण ऐंशीच्या मागं लागायची गरज नाही, तो वेळ वर्षभरात पहिल्या पेपरला द्या. यूपीएससीला कपात एक तृतीयांश आहे, तिथं आंधळ्या तुक्क्याचा हिशोब बरोबर शून्यावर येतो, ना फायदा ना तोटा, म्हणून तिथं एक तरी पर्याय उडवल्याशिवाय हात लावू नका. आणि राज्यसेवा मुख्य २०२५ पासून लेखी वर्णनात्मक झाली, लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, तिथं गोळे-तुक्के सगळं संपतं आणि पानं लिहायचा सराव लागतो, तो वेगळाच विषय आहे.

आता पर्सेंटाइल, कारण सगळ्यात जास्त भांडणं घरात याच्यावरून होतात. नीट एकाच दिवशी एकाच वेळी सगळ्यांना एकच पेपर, म्हणून तिथं मार्क तेच खरे. सीईटी आणि जेईई मेन अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा शिफ्टमध्ये होतात, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, आणि कितीही काळजी घेतली तरी एक सोपा एक अवघड निघतोच. काळ्या जमिनीतल्या कापसाची आणि मुरमाड वावरातल्या कापसाची आपण क्विंटलवर बरोबरी करत नाही ना, त्याच शिवारात इतरांच्या मानानं कुणाचं पीक कसं आलं ते बघतो, तसंच हे. तुमच्या शिफ्टमधल्या पोरांशीच तुमची तुलना.

सूत्र एवढंच: तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क पडलेली पोरं किती, त्याला त्या शिफ्टला हजर एकूण पोरांनी भागा आणि १०० नं गुणा. समजा शिफ्टला २०,००० पोरं होती आणि तुमच्याएवढे किंवा कमी मार्क १६,४०० जणांना, तर पर्सेंटाइल ८२. यात तुमचे मार्क किती हे कुठं आलंच नाही. अवघड शिफ्टला २०० पैकी ७० मार्कांवर ८२ येऊ शकतात, सोप्या शिफ्टला त्यालाच ८५ मार्क लागतील. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण चाल अशीच असते. म्हणून शेजारच्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न बरोबर आले आणि तरी पर्सेंटाइल कमी पडले तर कुणी घोटाळा केला असं लगेच समजू नका.

८२ पर्सेंटाइल म्हणजे १०० पोरांमध्ये साधारण १८ जण तुमच्या पुढं. ऐकायला भारी वाटतं, पण परीक्षेला ३ लाख पोरं बसली असतील तर १८ टक्के म्हणजे ५४,००० पोरं तुमच्या पुढं. हे घरच्यांना आधी सांगा, म्हणजे "ब्याऐंशी पडूनही पुण्याचं कॉलेज कसं नाही मिळत भो" हा प्रश्न राहणार नाही. आणि एक गैरसमज, विषयांची पर्सेंटाइल दिलेली असतात त्यांची बेरीज करून तीननं भागून एकूण पर्सेंटाइल काढतात अनेकजण, ते चूक. एकूण पर्सेंटाइल एकूण मार्कांवरून वेगळं काढतात, ते तिन्ही विषयांपेक्षा जास्त सुद्धा येऊ शकतं.

शेवटची गोष्ट आन्सर की. पेपर झाल्यावर काही दिवसांनी तात्पुरती उत्तरं आणि तुमची स्वतःची उत्तरं लॉगिनमध्ये दिसतात. उत्तर चुकीचं दिलंय असं वाटलं तर आक्षेप घेता येतो, एनटीएच्या परीक्षांना एका प्रश्नाला २०० रुपये घेतात. एखादा प्रश्नच रद्द झाला तर जेईई मेन आणि नीटला हजर सगळ्यांना त्याचे पूर्ण मार्क मिळतात, सोडवला असो नसो. पण दोन पर्याय बरोबर ठरले तर त्यातला एक ज्यांनी टाकला त्यांनाच मिळतात, सोडणाऱ्याला नाही. २०२४ च्या नीटमध्ये फिजिक्सच्या एका प्रश्नाचं असंच झालं, एनटीएनं दोन उत्तरं बरोबर धरली होती, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर सांगितलं, आणि ज्यांनी दुसरं टाकलं होतं त्या चार लाखांवर पोरांचे प्रत्येकी ५ मार्क गेले, ४ मिळालेले आणि १ मायनसचा. भरपाईचे मार्क काढल्यावर ७२० वाले ६१ उरले होते, ते १७ वर आले. एका प्रश्नानं.

तर ही आक्षेपाची लिंक थोडेच दिवस चालू असते, आणि आपल्याकडे फॉर्म कॅफेवाल्यानं भरलेला असतो, मोबाईल नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्ड त्यालाही आठवत नाही, आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातो जेव्हा तो लग्नाला बाहेरगावी गेलेला असतो. फॉर्म भरतानाच नंबर घरातला द्या, जो दोन वर्षं तरी बंद होणार नाही असा, ईमेल पोराचा स्वतःचा काढा, ॲप्लिकेशन नंबर आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, आणि रिस्पॉन्स शीट, म्हणजे तुम्ही दिलेल्या उत्तरांची नोंद, दिसली त्याच दिवशी डाऊनलोड करून एक प्रिंट काढून घ्या.